टकळी, राखी आणि थर्माकोल: प्राथमिक शाळेतल्या हातकामाचा इतिहास



आजचा विषय वरवर पाहिला तर फार साधा आहे. प्राथमिक शाळेतल्या लेकरांनी चार-सहा जणांच्या गटात बसून हातानं काही करायचं. घडवायचं, मोजायचं, मांडायचं. शासकीय कागदावर त्याला कृती म्हणतात, उपक्रम म्हणतात, प्रकल्प म्हणतात. यात इतिहास कसला, असं कुणालाही वाटेल. पण लेकराच्या हातात पाटी-पुस्तकाशिवाय आणखी काय द्यायचं, या प्रश्नावर आपल्या देशात मोठी भांडणं झाली आहेत. एका राज्यात तर मुख्यमंत्र्यांचं पद गेलं, आणि त्यात या वादाचा वाटा मोठा होता. तिथं आपण येऊच.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हातानं शिकणं आपल्या शाळांत तीनदा तरी मोठ्या इतमामानं आलं आणि तीनदा कोरडं पडलं. दर वेळी कारण वेगळं सांगितलं गेलं. शिक्षकांना प्रशिक्षण नव्हतं, साहित्य नव्हतं, वेळ नव्हता. ती कारणं खोटी नाहीत. पण त्यांच्या खाली एक जुना प्रश्न आहे: हे काम ठरवतं कोण, आणि ते लेकराला कुठं नेणार आहे? हा प्रश्न ज्या ज्या ठिकाणी टाळला गेला, तिथं हातकाम मेलं.

आता शाळेच्या बाहेरून सुरुवात करू. आपल्या मराठवाड्यात दिवाळीत पोरी अंगणात शेणाच्या गवळणी करतात. एकटी कुणी करत नाही. कुणी शेण आणतं, कुणी गवळण वळतं, कुणी तिच्या डोक्यावर घागर ठेवतं, कुणी पांडव मांडतं. पोळ्याला मातीचे बैल. ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी, तिला चाकं, तिला जू, सगळं धांड्याचंच. येळवसला रानात कडब्याची कोपी उभी करायची, तेव्हा लेकरं मोठ्यांच्या पायात-पायात करत का होईना, पेंढ्या देतात, आणि पुढच्या वर्षी त्यांना कोपीचा तोल कसा धरायचा हे माहीत असतं. यातलं एकही काम कुणी शिकवत नाही आणि कुणी त्याला मार्क देत नाही. गटकाम म्हणून जे आज प्रशिक्षणात सांगितलं जातं, कामाची वाटणी, एकमेकांचं पाहून शिकणं, चुकलं की मोडून परत करणं, ते सगळं यात आहे.

मग शाळेनं हे सगळं उंबऱ्याबाहेर का ठेवलं? इंग्रजी राज्यातली शाळा काय आणि निजामाच्या राज्यातली काय, ती कारकून घडवायला निघाली होती, हे झालं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं आपल्याच गावात आहे. आपल्याकडं हातकाम जन्मानं वाटलेलं होतं. लाकूड सुताराचं, माती कुंभाराची, चामडं चांभाराचं, आणि गावाची घाण ज्याच्या वाट्याला आली त्याची. अक्षर ज्यांच्याकडं होतं त्यांनी हात मळवायचे नाहीत, आणि ज्यांचे हात मळत होते त्यांनी अक्षराला शिवायचं नाही. त्यामुळं शाळेत गेलेल्या पोराच्या बापाला एकच गोष्ट हवी असायची, की या पोराच्या हातात आता पेन यावा आणि आपल्या हातातलं हत्यार जावं. ही इच्छा कुणालाही हसण्यावारी नेता येणार नाही. पुढचा सगळा इतिहास या इच्छेशी टक्कर घेत चालतो.

आता महात्मा फुल्यांकडं येऊ. १८८२ साली हंटर आयोगापुढं त्यांनी जे निवेदन दिलं, ते बहुतेकांना माहीत असतं ते बारा वर्षांपर्यंत सक्तीचं शिक्षण द्या या मागणीसाठी. पण त्याच निवेदनात प्राथमिक शाळेत काय शिकवावं याचीही यादी आहे. मोडी, बाळबोध, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, आरोग्य, आणि शेतीचं प्राथमिक ज्ञान. शाळेला जोडून छोटी नमुना शेतं असावीत, तिथं मुलांना उपयोगाचं प्रत्यक्ष शिक्षण मिळावं, असंही त्यांनी सुचवलं. म्हणजे ज्यांचा जन्म ब्राह्मणेतरांच्या शिक्षणासाठी झगडण्यात गेला, त्यांना शाळेत शेत हवं होतं. पण ते कशासाठी? शेतकऱ्याच्या पोराला शेतकरीच ठेवायला नव्हे. त्याला हिशेब येत नव्हता, कागद वाचता येत नव्हता, आणि त्यामुळं तो लुबाडला जात होता. शेत आणि हिशेब एकाच शाळेत यावेत, हा फुल्यांच्या मागणीचा गाभा. ही जोडणी लक्षात ठेवा. पुढं ती तुटते.

आपला भाग तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. नांदेड, परभणी, औरंगाबाद, बीड, उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे. लातूर तेव्हा उस्मानाबादेत. राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं, तेही उर्दूतून. मराठी लेकरासाठी घरची भाषा एक आणि पुढं जाण्याची भाषा दुसरी. अशा वेळी १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. पुढं स्वामी रामानंद तीर्थ तिथं मुख्याध्यापक होते. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाची पाळंमुळं ज्या मोजक्या शाळांत सापडतात, त्यातली ही एक. असहकाराच्या चळवळीतून देशभर अशा शाळा निघाल्या होत्या, आणि स्वावलंबन हा त्या सगळ्यांचाच आग्रह होता. पण अशा शाळा मोजक्याच. बाकी संस्थानात पाटी आणि छडी.

पहिली मोठी लाट आली ती शेजारून, वर्ध्याहून. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७. गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. त्यांचं म्हणणं असं, की सात वर्षांचं शिक्षण सक्तीचं आणि मोफत असावं, मातृभाषेतून असावं, आणि ते एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाच्या भोवती उभं राहावं. जमलं तर त्या उत्पादनातून शिक्षकाचा पगारही निघावा. अभ्यासक्रम तयार करायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन. जाता जाता सांगतो, झाकिर हुसेन यांचा जन्म १८९७ चा, हैदराबाद शहरातला. नांदेड ज्या संस्थानात होतं त्याच संस्थानाच्या राजधानीत जन्मलेल्या माणसानं नयी तालीमचा आराखडा लिहिला, आणि नांदेडच्या शाळांना तो लागू नव्हता. कारण वर्धा मध्य प्रांतात, इंग्रजी अंमलात. तिथं काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलेलं. इकडं निजाम.

त्या आराखड्यातलं वेळापत्रक पाहण्यासारखं आहे. शाळा साडेपाच तासांची. त्यातले तीन तास वीस मिनिटं एकट्या मूलोद्योगाला. मातृभाषेला चाळीस मिनिटं. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून चाळीस मिनिटं. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान मिळून तीस. आज आपण आठवड्याला मोजक्या तासिका कार्यानुभवाला देतो आणि त्यातलीही एखादी परीक्षेच्या तयारीला जाते, त्या मानानं हे दुसऱ्याच ग्रहावरचं वाटेल.

याच्यामागं एक शब्द होता: समवाय. टकळी फिरवायची, पण नुसती फिरवायची नाही. सूत किती हात निघालं ते मोजायचं, म्हणजे गणित. कापूस कुठल्या मातीत येतो, म्हणजे भूगोल. आपलं कापड कुणी बुडवलं, म्हणजे इतिहास. कल्पना सुंदर आहे, यात वाद नाही. पण वर्ध्याच्या परिषदेतच वाद झाला. अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी हरकत घेतली, की शाळेनं पैसा कमवायचा ठरवला तर लेकरांना राबवलं जाईल, आणि ज्यांचं पोट त्याच धंद्यावर आहे त्या कारागिरांशी शाळा स्पर्धा करेल. खुद्द झाकिर हुसेन यांनीही तिथं सांगितलं की शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्यांना यातलं सगळंच नवं वाटणार नाही. बाहेरच्या देशांत प्रकल्प पद्धती म्हणून याच्या जवळचं काही चालू आहे.

ही प्रकल्प पद्धती म्हणजे काय, ते थोडं पाहू, कारण आज आपण जो शब्द वापरतो तो तिथूनच आला. अमेरिकेत जॉन ड्यूई या तत्त्वज्ञानं १८९६ साली शिकागोत एक प्रयोगशाळा म्हणावी अशी शाळा काढली. तिथं लेकरं सुतारकाम, स्वयंपाक, विणकाम करायची, पण माल तयार करायला नव्हे. एकत्र काम करताना जो प्रश्न पडतो तो सोडवायला. पुढं ड्यूई न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तिथल्याच किलपॅट्रिक यांनी १९१८ साली ‘प्रकल्प पद्धती’ हा निबंध लिहिला. त्यांची अट एकच होती: काम मुलांच्या मनापासूनच्या हेतूनं चालावं. हेतू मुलांचा नसेल तर तो प्रकल्प नाही.

आणि याच ड्यूईंच्या वर्गात १९१३ ते १९१६ च्या काळात एक भारतीय विद्यार्थी बसत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकशाही म्हणजे केवळ राज्यकारभाराची पद्धत नव्हे, ती एकत्र जगण्याची, एकमेकांचा अनुभव वाटून घेण्याची रीत आहे, हा ड्यूईंचा विचार बाबासाहेबांनी पुढं आयुष्यभर वापरला. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या त्यांच्या लिखाणात तो स्पष्ट दिसतो. मराठवाड्यात १९५० साली औरंगाबादला त्यांनी महाविद्यालय काढलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय झालं. आता गंमत बघा. ड्यूईंकडून निघालेली एक वाट किलपॅट्रिकच्या मार्गानं आपल्या शाळेच्या ‘प्रकल्पा’त आली, दुसरी बाबासाहेबांच्या मार्गानं आपल्या सामाजिक विचारात आली. आणि आपल्या डी.एड.च्या वर्गांत या दोन वाटा एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत. एक शिक्षणशास्त्राच्या पेपरात, दुसरी जयंतीच्या भाषणात. आमच्या मते, प्राथमिक शाळेतल्या गटकामाचं सगळ्यात मोठं नुकसान इथं झालं. गट म्हणजे नुसती चार डोकी नव्हेत. कोण कुणाच्या शेजारी बसतं, कुणाच्या हातचं पाणी घेतं, कुणाच्या घरी सामान आणायला जातं, हे सगळं गटात येतं. ते वजा केलं की उरतो बाकड्यांच्या फेरमांडणीचा खेळ.

तर टकळीचं पुढं काय झालं? मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळानं मूलोद्योग शाळा सुरू केल्या. पश्चिम महाराष्ट्रात आजही जुन्या शाळांच्या भिंतींवर ‘जीवन शिक्षण विद्यामंदिर’ हे नाव दिसतं, ते या विचाराची खूण. इकडं १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई होऊन संस्थान मोकळं झालं, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. म्हणजे आपल्या गावोगावी शाळा पोचायला लागल्या तोवर मूलोद्योगाचा मूळ जोर ओसरला होता. आपल्याकडं लाटेऐवजी लाटेचा फेस आला, असं म्हणायला हरकत नाही. आणि हे कुठं? नांदेडला, जिथं काळ्या मातीत कापूस आणि शहरात उस्मानशाही मिल. सूत या विषयावर शाळेनं काही करायचं असेल तर याहून बरी जागा नव्हती. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीकडून आजही राष्ट्रध्वज तयार होतात आणि ते देशभर जातात. त्या झेंड्याचं कापड कसं होतं, हे आपल्या जिल्ह्यातल्या किती चौथीच्या लेकरांनी डोळ्यांनी पाहिलंय? पंधरा ऑगस्टला सलामी मात्र सगळ्यांनी दिलेली असते.

टकळी का मागं पडली, याचं उत्तर मद्रासमध्ये फार उघडपणे दिसलं. १९५३ साली मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी एक योजना आणली. शाळा रोज तीनच तास, दोन पाळ्यांत. उरलेल्या वेळात लेकरांनी घरी, गावात बापाचा धंदा शिकायचा. कागदावर ही योजना हातकामाची थोरवीच सांगत होती. पण लोकांनी तिला नाव दिलं ‘कुलकल्वी’, म्हणजे कुळाचं शिक्षण, जातीचं शिक्षण. पेरियार आणि द्रविड चळवळ रस्त्यावर उतरली. न्हाव्याच्या पोरानं न्हाव्याचंच काम शिकायचं असेल तर शाळा कशाला, हा साधा प्रश्न होता. १९५४ साली राजाजी पायउतार झाले आणि कामराज यांनी ती योजना रद्द केली.

आपल्याकडं असं आंदोलन झालं नाही, पण पालकांच्या मनातला प्रश्न तोच होता. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या दोर वळले, झाडू बांधले, ते चुकवायला लेकराला शाळेत घातलं, आणि गुरुजी त्याला दोर वळायला बसवतात? यात आम्हाला पालकांची बाजू पूर्ण पटते. मूलोद्योगाचा हेतू नेमका उलटा होता, सगळ्यांनीच हात मळवावेत म्हणजे हातकामाची लाज जाईल असा. पण ज्यांच्या माथी ती लाज मारली होती त्यांना विचारायचं राहून गेलं.

दुसरी वाट शांतपणे चालू होती, आणि ती फार गाजली नाही. भावनगरला गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ. पुढं हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्तीत गेलं. माँटेसोरीची साधनं महाग आणि परदेशी. ताराबाईंनी ती बाजूला ठेवली आणि खडे, पानं, बिया, शिंपले घेतले. लेकरू शाळेत येत नाही म्हणून अंगणवाडी त्याच्या अंगणात नेली. गुरं राखायला जाणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली, शाळाच कुरणात. आज अंगणवाडी हा शब्द देशभर चालतो, पण तो एका मराठी बाईच्या या निरीक्षणातून आला, की लेकराचं शिकणं तिथं आधीच चालू आहे, आपणच उशिरा पोचतो. टकळीत आणि या वाटेत फरक इथं आहे: टकळी वरून ठरून आली, खडे-शिंपले लेकरांच्या खिशात होते.

मग आलं कार्यानुभव. कोठारी आयोग, १९६४ ते ६६. त्याचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक. आयोगानं मूलोद्योग मोडीत काढला नाही, त्याचं नाव बदलून कार्यानुभव केलं आणि विज्ञान, शेती, यंत्र यांच्याशी जोडायचं म्हटलं. १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीनं त्याला समाजोपयोगी उत्पादक कार्य असं लांबलचक नाव दिलं. नावं वाढत गेली आणि काम आटत गेलं. तुमच्यापैकी चाळिशीच्या पुढच्यांना आठवत असेल. कार्यानुभव म्हणजे कागदाची फुलं, राख्या, खडू, मेणबत्त्या, पायपुसणं. पोरींनी शिवण, पोरांनी बागकाम. तपासणीला साहेब येणार म्हटलं की कपाटातून मागच्या वर्षीची फुलं काढायची, झटकायची आणि टेबलावर मांडायची. राखी वाईट नाही हो. पण राखीत प्रश्न कुठला? ती कशी करायची हे आधीच ठरलेलं, कशी दिसणार हे ठरलेलं, आणि झाल्यावर काही नवं कळलं असंही नाही.

याच काळात बाहेर काही लोक वेगळं करून पाहत होते. मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबादचा विज्ञान कार्यक्रम सुरू झाला, साध्या सरकारी शाळांत, प्रयोग करून शिकण्याचा. तिथं १९७८ च्या सुमाराला एक तरुण अभियंता, अरविंद गुप्ता, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि आगपेटीच्या काड्या घेऊन बसला आणि त्रिकोण, चौकोन, घरं बांधून दाखवू लागला. त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही आणि चौकोन लगेच कलतो, हे लेकराच्या बोटाला कळतं, आणि मग घराच्या कैच्या त्रिकोणी का, हे सांगावं लागत नाही. पुढं ते पुण्यात स्थिरावले आणि त्यांची पुस्तकं मराठीतही गावोगाव पोचली. कोल्हापुरात १९८५ साली लीलाताई पाटलांनी सृजन आनंद विद्यालय काढलं आणि परिसरातले विषय घेऊन प्राथमिकच्या वर्गांत प्रकल्प चालवले. मराठीत या विषयावर सगळ्यात प्रामाणिक लिखाण कुणाचं, असं विचारलं तर आम्ही लीलाताईंचं नाव घेऊ. फसलेलंही त्या लिहीत.

तिसरी लाट कायद्यानं आली. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. कृतीतून, शोधातून, धुंडाळण्यातून शिक्षण व्हावं, असं त्याच्या २९ व्या कलमात लिहिलेलं आहे. त्याच वर्षी २० ऑगस्टच्या शासन निर्णयानं महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत उपक्रम आला, प्रकल्प आला. पहिल्यांदाच असं झालं की प्रत्येक शाळेत, प्रत्येक लेकरासाठी प्रकल्प अधिकृत झाला. आणि अधिकृत होताच तो गुणांच्या रकान्यात गेला. रकाना भरायचा म्हणजे वस्तू हवी. वस्तू हवी म्हणजे दुकान हवं. स्टेशनरीच्या दुकानात तयार चित्रांचे तक्ते, छापील प्रकल्पवह्या आणि थर्माकोलची घरं मिळायला लागली. ज्याच्या बापाकडं दोनशे रुपये आहेत त्याचा ज्वालामुखी मोठा. रात्री दहा वाजता आई कापतेय, बाप चिकटवतोय, आणि लेकरू झोपलंय. २०१८ च्या मार्चमध्ये राज्यानं प्लॅस्टिक आणि थर्माकोलवर बंदी आणली, तेव्हा आम्हाला वाटलं आता तरी माती परत येईल. पुठ्ठा आला. तोही दुकानातूनच.

आणि त्यावर लातूर पॅटर्नची सावली. बारावीसाठी जन्मलेली ती शिस्त, तिनं या भागातल्या हजारो गरीब पोरांना डॉक्टर-इंजिनिअर केलं, तिला नावं ठेवायचा आमचा इरादा नाही. पण ती खाली सरकत सरकत स्कॉलरशिप आणि नवोदयच्या वर्गांवाटे चौथीपर्यंत आली आहे. चौथीच्या पालकाला गटानं केलेलं काम म्हणजे वेळेची नासाडी वाटते, कारण नवोदयचा पेपर एकट्यानं सोडवायचा असतो.

आता इतकं ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, मग करायचं काय? आम्ही उपाययोजनांची यादी आणलेली नाही. पण एक काम मांडून बघू, इथलंच, अर्धापूरचं. अर्धापूर म्हटलं की केळी. अर्धापुरी हे केळीच्या एका वाणाचंच नाव. इसापूर धरणाच्या कालव्याचं पाणी आलं आणि बागा पसरल्या. आज बहुतेक ठिकाणी ग्रँड नैन आहे. समजा चौथीचा वर्ग आहे. प्रश्न एवढाच: एका गुंठ्यात केळीची किती झाडं बसतात?

गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद. भूमापनाची जुनी साखळी सहासष्ट फुटांची, तिच्या निम्म्याचा हा चौकोन. सुतळी घ्या, फक्की घ्या, आणि शाळेच्या मैदानावर गुंठा आखा. नुसतं हे करायलाच एक दिवस जातो, कारण चौकोनाचा कोपरा काटकोनात बसत नाही, चौकोन तिरका होतो, आणि मग दोन्ही कर्ण सारखे आहेत का हे मोजायची युक्ती लेकरांना कुणीतरी, बहुतेक घर बांधणाऱ्या गवंड्याचं पोरगंच, सांगतं. मग झाडं. दोन झाडांत पाच फूट. एक गट कडेपासूनच सुरुवात करतो, खडे मांडतो: एका ओळीत सात, सात ओळी, एकोणपन्नास. दुसरा गट म्हणतो कडेला झाड लावलं तर शेजाऱ्याशी भांडण, चारही बाजूंनी अडीच फूट सोडा. त्यांची येतात सहा सक छत्तीस. तिसरा गट मैदानात उतरतच नाही, वहीत करतो: एक हजार एकोणनव्वद भागिले पंचवीस, त्रेचाळीस आणि बाकी चौदा. तीन गट, तीन उत्तरं, आणि तिन्ही बरोबर पद्धतीनं काढलेली.

इथं गुरुजींनी उत्तर सांगायचं नाही. बागायतदाराला विचारायचं. तो सांगतो, एकरी साडेसतराशेच्या आसपास. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे पुन्हा भागाकार, आणि उत्तर पडतं त्रेचाळीस-चव्वेचाळीस. वहीवाला गट जिंकला असं वाटतं. पण का जिंकला? एकरात कडा कमी आणि आतली जागा जास्त, म्हणून. मोठ्या शेताचा आणि तुकड्याच्या शेताचा हिशेब सारखा पडत नाही, हे चौथीच्या लेकराला खड्यांवरून दिसतं. ज्याच्या घरी पाच गुंठे आहेत त्याला ते जास्त दिसतं. फुल्यांना जे शेत आणि जो हिशेब एकत्र हवा होता, तो हाच.

आणि गटाचं म्हणाल, तर या कामात वर्गातला हुशार पोरगा आपोआप पुढं राहत नाही. घड मोजायचे, फण्या मोजायच्या, केळफूल कधी कापतात, झाड एकदाच घड देतं मग मुनवे का ठेवायचे, हे सगळं ज्याचे आई-बाप बागेत रोजानं जातात त्या लेकराला माहीत. ट्रक भरणाऱ्याच्या पोराला घडाचं वजन हातानं कळतं. तांड्यावरची पोरगी गोरमाटीत सांगते, तिचं ऐकायला बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि मैदानाच्या पलीकडं उर्दू माध्यमाची शाळा असेल तर त्यांनाही एक गुंठा आखून द्या. बागायतदाराचं लेकरू आणि त्याच्याच बागेत काम करणाऱ्याचं लेकरू एकाच सुतळीची दोन टोकं धरतात. सुरुवातीला ते जरा अवघड जातं. पालकांना तर जास्तच.

या कामाला खर्च नाही, वस्तू उरत नाही, त्यामुळं प्रदर्शनात मांडायलाही काही नाही. रकान्यात काय भरायचं, हा प्रश्न केंद्रप्रमुखांनी विचारला तर फक्कीच्या रेघेचा फोटो दाखवता येईल, पाऊस पडायच्या आत.

एक अडचण मात्र खरी आहे आणि तिच्यावर आमच्याकडं उत्तर नाही. दिवाळीनंतर आपल्या भागातली काही कुटुंबं ऊसतोडीला जातात. लेकरं सोबत जातात, गट मोडतो. जो सुतळी धरायला होता तोच गेला. हंगामी वसतिगृहं आहेत, आजोबा-आजीकडं लेकरू ठेवायचीही सोय करतात, पण दर वर्षी काही लेकरं सुटतातच. मग असलं काम जूनमध्ये, मृगबागेच्या लागवडीबरोबर सुरू करून दिवाळीच्या आत एक टप्पा पुरा करायचा का? केळीला लागवडीपासून घड उतरेपर्यंत अकरा-बारा महिने लागतात, म्हणजे चौथीत सुरू केलं तर घड उतरेल तेव्हा निम्मी लेकरं पाचवीला दुसऱ्या शाळेत. तिसरीतच सुरू करावं का? इथं तिसरी-चौथीला शिकवणारे गुरुजी आणि बाई बसल्या आहेत. त्यांनी यावर बोलावं. माइक मागं पाठवतो.